सरकीचे तेल आणि पोलादाची धार

वऱ्हाडच्या नकाशावर मूर्तिजापूर उठून दिसते ते तेथल्या रुळांमुळे. मुंबईहून निघून भुसावळ, अकोला करीत १८६७ साली नागपुरास पोहोचलेल्या लोहमार्गावर, बडनेऱ्याच्या अलीकडे, हे स्थानक लागते; आणि पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबईच्या किलिक-निक्सन पेढीने उभारलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने येथूनच अरुंद रुळांचे दोन फाटे काढले, एक उत्तरेस अचलपुराकडे आणि दुसरा आग्नेयेस यवतमाळाकडे; हेतू हा की, दोन्ही बाजूंच्या मुलखातला कापूस मूर्तिजापुरास उतरावा आणि तेथून मोठ्या गाडीने मुंबईस जावा. लोकांनी त्या गाडीला शकुंतला हे नाव दिले. १९२१ साली मँचेस्टरला घडविलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ सालच्या एप्रिलापर्यंत कामावर होते. एखादे यंत्र सात दशके राबते तेव्हा त्याचे श्रेय ते घडविणाऱ्या कारखानदाराला जितके, तितकेच ते वेळोवेळी दुरुस्त करणाऱ्या टर्नर-फिटरांनाही दिले पाहिजे. कारण झिजलेली प्रत्येक पिन, प्रत्येक बुश आणि प्रत्येक बोल्ट कोणीतरी लेथवर धरून नव्याने कापलेला असतो, आणि पोलाद कापायचे म्हटले की तेल लागतेच.

ते तेल कोणते असावे, हा या प्रकरणाचा विषय आहे. आणि त्याची चर्चा कापसाच्या मुलखात करण्यास एक सबळ कारण आहे. रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या जिनात गेलेल्या शंभर शेर कापसातून रुई निघते ती सुमारे ३३-३४ शेर. उरलेला बहुतेक ऐवज सरकीचा असतो. रुईच्या गाठी बांधल्या जातात, त्यांचा बाजारभाव वर्तमानपत्रात छापून येतो, त्यांच्यासाठी रूळ टाकले जातात; सरकी मात्र पिढ्यान्‌पिढ्या गव्हाणीतच गेली. तिच्यात शेकडा १८ ते २० भाग तेल असते, ही गोष्ट वऱ्हाडी शेतकऱ्याला ठाऊक नव्हती असे नाही, कारण सरकी खाणाऱ्या म्हशीच्या दुधाची साय त्याला रोज दिसत होती. परंतु ते तेल काढून, कॉस्टिक सोड्याने त्याचा तांबूस-काळसर रंग व त्यातील गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य घालवून ते खाण्याजोगे करणे हे कारखान्याचे काम होते, आणि तो उद्योग इकडे फार उशिरा मूळ धरू शकला.

जिनाचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळा लागता लागता आटोपतो. त्यानंतर जिनाची मोठी शेड ओस पडते आणि तिच्या कडेची लहानशी यंत्रशाळा जागी होते. चामड्याच्या चकत्या ओवलेल्या रुळांचे दांडे बेअरिंगच्या जागी झिजलेले असतात, सुऱ्यांच्या पट्ट्या बोथट झालेल्या असतात, अडकून बसलेले बोल्ट तोडून काढावे लागतात आणि त्यांच्या भोकांत नवे आटे पाडावे लागतात. पुढच्या हंगामाची सारी मदार या दोन-चार महिन्यांच्या खटपटीवर असल्यामुळे या यंत्रशाळेतील जुनी लेथ ही जिनाची खरी वैद्य होय, मग मालकाच्या जमाखर्चात तिला कितीही गौण स्थान असो.

आता लेथवर पोलाद कापले जाते तेव्हा नेमके काय घडते, ते पाहिले पाहिजे. सुरीने भाकरीचा तुकडा पाडावा तसे टूल धातूत शिरते, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती चुकीची आहे. टूलच्या पुढचा धातू दाबला जातो, एका तिरप्या पातळीवर थर थरावरून घसरतो आणि त्या घसरलेल्या थरांचाच कीस बनून टूलच्या माथ्यावरून मागे सरकत जातो. या घसरण्यात पुष्कळ उष्णता निर्माण होते. किसाचे पोट टूलवर घासते तेथे आणखी निर्माण होते. आणि टूलची पुढची बाजू नुकत्याच कापलेल्या पृष्ठावर घासते तेथे थोडी. काउंट रम्फर्डने १७९८ साली म्युनिकच्या तोफखान्यातील एक प्रयोग प्रसिद्ध केला. बोथट हत्याराने तोफेचे भोक कोरताना त्याने ती पाण्यात बुडवून ठेवली, तेव्हा सुमारे अडीच तासांत ते पाणी विस्तवावाचून उकळू लागले. उष्णता हा पदार्थ नसून गतीचे रूप आहे, हा सिद्धान्त पदार्थविज्ञानात शिरला तो या यंत्रशाळेच्या दारातून. सुदैवाने या उष्णतेचा मोठा भाग कीस आपल्याबरोबर घेऊन जातो, म्हणूनच निळा-जांभळा पडलेला कीस बोटाने उचलण्याचा मोह नवशिक्याला एकदाच होतो. तथापि उरलेला भाग टूलच्या टोकाला गाठतो. आणि साध्या कार्बन पोलादाच्या टूलचे पाणी २००-२५० अंश सेंटिग्रेडच्या पुढे उतरू लागते, हायस्पीड पोलादाचे सुमारे ६०० अंशांवर.

उष्णतेइतकाच दुसरा एक उपद्रव आहे, आणि तो सहसा ध्यानात येत नाही. एरवी लोखंडाच्या कोणत्याही पृष्ठावर गंजाचा, धुळीचा, दमट हवेचा पातळसा पडदा असतोच. कापताना मात्र जे पृष्ठ उघडे पडते ते त्या क्षणी जन्मलेले, पूर्णपणे अनाच्छादित असते, आणि असा कोरा धातू प्रचंड दाबाखाली टूलवर सरकला म्हणजे तो त्याला चिकटतो. टूलच्या टोकावर त्या धातूचा लहानसा गोळा बसतो, तो वाढतो, निखळतो, निखळताना टूलचा कण घेऊन जातो आणि कापलेल्या पृष्ठावर ओरखडे ठेवतो. हा प्रकार विशेषतः मंद गतीच्या कामात आणि चिवट धातूंत दिसतो. म्हणजे कापताना ओतल्या जाणाऱ्या द्रवाकडून दोन कामांची अपेक्षा असते: एक, धार थंड राखणे, दुसरे, कीस आणि टूल यांच्यात आड पडदा उभा करणे. या दोन कामांना एकच द्रव क्वचितच सारखा लायक असतो.

थंड करण्यात पाण्यासारखे दुसरे काही नाही. सम वजनाच्या तेलापेक्षा पाणी जवळजवळ दुप्पट उष्णता पोटात घेते आणि ती वाहूनही अधिक वेगाने नेते. ही साधी गोष्ट पैशात कशी मोजायची, हे फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने दाखवून दिले. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात १८८३ साली त्याने कीस जेथे सुटतो त्याच बिंदूवर पाण्याची जाड धार सोडून पाहिली, तेव्हा कापण्याची गती शेकडा ३० ते ४० इतकी वाढविता आली. पुढच्याच वर्षी तेथे उभ्या राहिलेल्या नव्या यंत्रशाळेत प्रत्येक यंत्राखाली लोखंडी परात बसविण्यात आली आणि गंज धरू नये म्हणून त्या पाण्यात सोडा विरघळविण्यात आला. टेलरने १९०६ साली सादर केलेल्या विस्तृत निबंधात हा वृत्तान्त आहे, आणि ही गोष्ट झाकून ठेवलेली नसतानाही इतर कारखान्यांनी ती वर्षानुवर्षे उचलली नाही याबद्दलची त्याची खंतही आहे. कामगारांच्या हालचाली घड्याळावर मोजणारा हा गृहस्थ मजुरांना फारसा प्रिय नव्हता. परंतु त्याच्या पाण्याच्या धारेला नावे ठेवण्यास जागा नाही.

दुसऱ्या कामात मात्र पाणी निरुपयोगी, आणि तेथे तेलाचा अधिकार सुरू होतो. तेलांतही भेद आहे. खाणीतून निघणारे खनिज तेल आणि बियांतून निघणारे तेल बोटांना सारखेच निसरडे लागतात, परंतु त्यांची घडण मूलतः भिन्न आहे. खनिज तेलाचा रेणू हा कर्ब आणि उद्‌जन यांची नुसती साखळी. तिला धातूविषयी ना ओढ ना दुरावा. वनस्पतिज तेलात ग्लिसरीनला जखडलेली तीन मेदाम्ले असतात, आणि प्रत्येक मेदाम्लाच्या एका टोकाला प्राणवायुयुक्त असे डोके असते, ज्याला धातूचे तीव्र आकर्षण आहे. विल्यम हार्डी या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२२ साली आपल्या सहकारी आयडा डबलडे यांच्यासह असे दाखविले की, दोन पृष्ठांमधील वंगणाचा जाड थर दाबाने पिळून निघून गेला तरी एक-दोन रेणूंइतका पातळ थर मागे उरतो, आणि घर्षण किती होणार हे त्या उरलेल्या थराच्या रासायनिक स्वभावावर ठरते. मेदाम्लांचे रेणू धातूवर डोके रोवून शेतातल्या ज्वारीच्या ताटांसारखे दाटीने उभे राहतात. या पिकाची उंची मिलिमीटरच्या दहा लाखांश भागाच्या दोन-अडीच पट एवढीच, परंतु तेवढ्यावर दोन धातू एकमेकांना शिवत नाहीत. किंबहुना कोऱ्या लोखंडाशी संयोग होऊन त्यांचा लोहसाबण बनतो, आणि हा साबणच खरा पडदा होय. त्याची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे: हे साबण सुमारे १०० ते २०० अंशांच्या दरम्यान मऊ पडतात, आणि ते वितळले की पडदा फाटतो. सबब, जेथे दाब फार आणि गती मंद, तेथे बियांचे तेल राजा. जेथे गती फार आणि उष्णता अफाट, तेथे पाण्याला मान.

याचा पडताळा आटे पाडताना मिळतो. जिनाच्या ओतीव बैठकीवर बसणाऱ्या पोलादी पट्टीत भोक पाडले आहे, त्यात टॅप उभा धरला आहे, आणि फिटर दोन्ही हातांनी हँडल फिरवितो आहे असे समजा. कोरड्या भोकात दोन-तीन आटे गेले की टॅप कुरकुरू लागतो. ती कुरकुर म्हणजे किसाचे आट्याच्या बगलेला चिकटणे आणि सुटणे. अनुभवी फिटर तेथेच थांबतो, टॅप पाव फेरा उलटा घेऊन कीस तोडतो आणि खोबरेल किंवा सरकीच्या तेलाचे चार थेंब खोबणीतून आत सोडतो. पुढच्या फेऱ्याला कुरकुर नाहीशी होते आणि हाताला लागणारा जोर स्पष्टपणे कमी होतो, इतका की शिकाऊ मुलालाही तो फरक कळतो. येथे टॅपची गती इतकी मंद आहे की उष्णतेचा प्रश्नच उद्‌भवत नाही. सारा प्रश्न चिकटण्याचा आहे, आणि तो त्या चार थेंबांनी सोडविला. लेथसाठी तेल-पाण्याच्या मिश्रणाचे दुधाळ कूलंट टाकीत भरलेले असतानाही आटे पाडण्यापुरती खोबरेलाची बाटली वेगळी ठेवण्याची चाल आपल्या यंत्रशाळांत आहे, ती या कारणाने. तिला अडाणीपणा म्हणणाऱ्या पदविकाधारकांनी एकदा कोरडा टॅप मोडून पाहावा. ओतीव लोखंड मात्र कोरडेच कापतात, कारण त्याच्या पोटातले ग्राफाइट हेच त्याचे वंगण असते. आणि ॲल्युमिनियमला रॉकेल मानवते.

वऱ्हाडात तेलबियांचा तोटा कधीच नव्हता, परंतु सर्व बियांची तेले या कामी सारखी नाहीत. हा भेद मेदाम्लांच्या साखळीत किती ठिकाणी दुहेरी बंध आहेत त्यावर अवलंबून असतो. दुहेरी बंध हे हवेतील प्राणवायूला उघडे असलेले दार आहे. त्यातून प्राणवायू शिरतो, रेणू एकमेकांना सांधले जातात, तेल आधी दाट, मग चिकट आणि शेवटी लाखेसारखे कडक होते. जवसाच्या तेलात अशी दारे सर्वांत अधिक, म्हणून ते रंगाऱ्याला प्रिय आणि टर्नरला वर्ज्य. करडईचे तेल त्याच्या खालोखाल. भुईमुगाचे तेल बरेच शांत स्वभावाचे. एरंडेल सर्वांत निराळे, कारण त्याच्या शेकडा ८५-९० भाग मेदाम्लात एक जादा हायड्रॉक्सिल गट असतो, ज्यामुळे ते घट्टही असते आणि धातूला अधिक धरूनही राहते. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील रेल्वेगाड्यांच्या वंगणासाठी व दिव्यांसाठी त्याचा मोठा खप होता. खोबरेलात दुहेरी बंध जवळजवळ नाहीत, म्हणून ते वर्षानुवर्षे चिकटत नाही. पण ते २४ अंशांच्या आसपास थिजते, आणि पौषातल्या वऱ्हाडी सकाळी फिटरला आपली बाटली आधी उन्हात ठेवावी लागते. सरकीचे तेल या पंक्तीत मधोमध बसते. त्याच्या मेदाम्लांपैकी निम्म्याहून थोडे अधिक दोन बंधांचे लिनोलिक, सुमारे चतुर्थांश पूर्ण तृप्त असे पामिटिक, उरलेले बहुतांशी ओलीक; म्हणजे वंगण उत्तम, परंतु टिकाऊपणा बेताचा.

हा बेताचा टिकाऊपणा यंत्राच्या अंगावर उमटतो. तेलाने माखलेली लेथ पंधरवडाभर न पुसता ठेवली की बैठकीवर पिवळसर चिकट थर धरतो, त्यात कीस आणि धूळ रुतते, आणि सरकता भाग सरकेनासा होतो. तेल शिळे झाले म्हणजे त्यात सुटी आम्ले वाढतात. ती लोखंडाला वंगण म्हणून चालतात, परंतु पितळेच्या बुशावर हिरवट थर आणतात. पितळेच्या पातेल्यात ताक का कळकते हे ज्या घरात ठाऊक आहे, त्या घरातल्या माणसाला या रसायनाची वेगळी शिकवणी नको.

परंतु सरकीच्या तेलाचा खरा धोका याहून गंभीर आहे, आणि तो नेमका जिनाच्या आवारातच उभा राहतो. तेल आणि प्राणवायू यांच्या संयोगात उष्णता निघते. परातीतील तेलात ती सहज विरून जाते. पण तेच तेल पुसण्याच्या रुईच्या बोळ्यात असेल, तर त्याचे पृष्ठ हजारो तंतूंवर पसरलेले असते, हवा भरपूर मिळते आणि उष्णतेला बाहेर पडण्यास वाट मिळत नाही, कारण कापूस हा उष्णतेचा मोठा कंजूष आहे. बोळा आतून तापतो, तापल्याने संयोग वेगावतो, त्याने तो आणखी तापतो, आणि कोणी काडी न लावता काही तासांनी पेट घेतो. इंग्लंडातील लोकर-कापसाच्या गिरण्यांत अशा आगी इतक्या लागल्या की विमा कंपन्यांनी तेलांची प्रतवारीच ठरविली. लीड्सच्या मॅकी नावाच्या रसायनतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यासाठी एक साधे उपकरण तयार केले. त्यात ७ ग्रॅम कापसाला १४ ग्रॅम तेल चोळून तो जाळीच्या नळीत भरतात, भोवती उकळते पाणी ठेवतात, आणि एका तासात आतील उष्णतामापक १०० अंशांच्या वर गेला तर ते तेल गिरणीत वर्ज्य समजतात. ऑलिव्हचे तेल या परीक्षेत उतरते; सरकीचे आणि जवसाचे उतरत नाही. म्हणून जिनाच्या यंत्रशाळेत सरकीच्या तेलाने काम करायचे असल्यास पुसण्याचे बोळे झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकावेत आणि संध्याकाळी आवाराबाहेर न्यावेत, हा नियम कामगाराच्या मर्जीवर न सोडता भिंतीवर रंगवून लिहिला पाहिजे. ज्या कापसाने हे तेल दिले त्याच कापसात ते सर्वांत घातक ठरावे, यातली विसंगती विमा एजंटाला बहुधा आवडणार नाही.

खनिज तेलात हा दोष नव्हता. ते स्वस्त होते, चिकटत नव्हते, आपोआप पेटत नव्हते, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने वनस्पतिज तेलाला व प्राणिज चरबीला यंत्रशाळेतून जवळजवळ हद्दपार केले. तरीही ही हद्दपारी पूर्ण नव्हती. खनिज तेलाला धातूची ओढ नसल्यामुळे त्यात थोडा मेद मिसळावाच लागे; आणि तेलातले तेच दुहेरी बंध, ज्यांनी बैठकीवर चिकटा धरला होता, ते गंधक धरून ठेवण्यास फार उपयोगी पडले. मेद गंधकाबरोबर तापविला की गंधक त्या बंधांवर बसतो, आणि पुढे कापण्याच्या ठिकाणी, जेथे लोहसाबण केव्हाच वितळलेला असतो, तेथे तो लोखंडाशी संयोग पावून अधिक उष्णता सोसणारा दुसरा पडदा उभारतो. तेलाचा दुर्गुण नोकरीस लावण्याचे याहून सुरेख उदाहरण मला माहीत नाही. पाण्यात मिसळून दुधासारखे होणाऱ्या कूलंटमध्येही सुरुवातीला एरंडेलापासून केलेले टर्की रेड ऑइल पायसीकारक म्हणून वापरले जाई. तेच द्रव्य कापडाच्या रंगशाळेत तांबडा रंग पक्का करण्यासाठी लागत असे. या दुधाळ पाण्याचा उपद्रव असा की त्यात जंतू वाढतात, आणि साप्ताहिक सुटीनंतर टाकीचे झाकण काढताच सडक्या अंड्यांचा दर्प येतो.

खनिज तेलाची खरी किंमत पुढे माणसांच्या अंगावर दिसू लागली. लँकेशायरच्या गिरण्यांत म्यूल नावाच्या सूतकताई यंत्राच्या चात्यांना शेल-खडकापासूनचे खनिज तेल घालीत. कातणारा कामगार त्या यंत्रावर ओणवून काम करी आणि त्याची विजार मांडीपासून तेलाने भिजलेली राही. या कामगारांत अंडकोषाच्या कातडीचा कर्करोग असाधारण प्रमाणात आढळतो, हे मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९२२ साली दाखवून दिले. त्यावर कायदा होण्यास ३१ वर्षे लागली. १९५३ च्या ब्रिटिश नियमांनी म्यूलच्या चात्यांना केवळ अत्यंत शुद्ध केलेले पांढरे खनिज तेल किंवा वनस्पतिज व प्राणिज तेलच घालावे असे ठरविले. पुढे बर्मिंगहॅमकडील लेथवरच्या कामगारांतही हाच रोग आढळला. अशुद्ध व अर्धशुद्ध खनिज तेले आज जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेच्या यादीत निश्चित कर्करोगजनक म्हणून नोंदलेली आहेत. आजची कटिंग ऑइले पुष्कळ अधिक शुद्ध केलेली असतात, हे खरे. परंतु तेलकट विजार घालून घरी जाणारा टर्नर मूर्तिजापुरातही दिसतो आणि पुण्यातही, आणि त्याच्या डब्यावर तेलाची शुद्धता वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेली नसते.

आपल्याकडे या प्रश्नाचा शास्त्रीय विचार प्रथम युद्धाने करविला. दुसऱ्या महायुद्धात परदेशी वंगणाची आवक अडली, तेव्हा १९४० साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन मंडळाने शांतिस्वरूप भटनागर यांच्या देखरेखीखाली जी कामे हाती घेतली, त्यांत वनस्पतिज तेलांच्या मिश्रणाचा इंधन व वंगण म्हणून उपयोग हे एक प्रमुख काम होते. त्याच सुमारास, १९४२ साली, नागपुरात लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था सुरू झाली; रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून उभ्या राहिलेल्या या संस्थेत तेलांचे तंत्रशास्त्र हा पुढे स्वतंत्र अभ्यासविषय झाला. युद्ध संपले, आवक सुरळीत झाली, आणि वंगणाचा विषय दप्तरात बांधून ठेवला गेला. हे आपल्या पुष्कळ संशोधनांच्या नशिबी येते.

तो दप्तरातून बाहेर पडला तो पर्यावरणाच्या आणि खर्चाच्या काळजीने. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, चिवट अशा स्टेनलेस पोलादात ड्रिल मारताना वनस्पतिज तेलावर आधारलेल्या सर्वोत्तम मिश्रणाने ड्रिलचे आयुष्य बाजारी खनिज तेलाच्या तुलनेने १७७ टक्क्यांनी वाढविले आणि दाबाचे बल ७ टक्क्यांनी घटविले. तामिळनाडूतील वेल्लोर येथील संशोधकांनी २००९ साली स्टेनलेस पोलाद लेथवर कापताना खोबरेल, दुधाळ कूलंट आणि बाजारी कटिंग ऑइल यांची तुलना केली; टूलची झीज आणि पृष्ठाचा गुळगुळीतपणा या दोन्ही बाबतींत खोबरेल सरस ठरले. या निकालांचा अर्थ जपून लावला पाहिजे. दोन्ही प्रयोग अशा धातूवर झाले, जो टूलला चिकटण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे. म्हणजे प्रश्नच असा निवडला गेला की ज्याचे उत्तर मेदाम्लांना ठाऊक होते. साध्या पोलादावर भर वेगाने कीस काढणाऱ्या यंत्रात हाच फरक तितका मोठा दिसेल असे मानण्याचे कारण नाही. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात मात्र वनस्पतिज तेलाचा आणखी एक गुण उपयोगी पडतो: उष्णतेने त्याचा दाटपणा खनिज तेलाइतका झपाट्याने उतरत नाही. शिवाय त्याच्या वाफा पेटण्याची पातळी ३०० अंशांच्या आसपास असल्यामुळे धूरही कमी होतो.

तरीही एका आक्षेपाला उत्तर दिल्यावाचून पुढे जाता येत नाही. आपल्या देशाला खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीने भागवावी लागते. अशा स्थितीत जे तेल कढईत जावे ते लेथवर ओतणे कितपत योग्य? टाकी भरभरून मिनिटाला कित्येक लिटर द्रव धारेने सोडण्याची टेलरकालीन पद्धतच चालू ठेवायची असेल, तर हा आक्षेप बिनतोड आहे. परंतु गेल्या काही दशकांत दुसरी एक पद्धत पुढे आली आहे, जिच्यात दाबलेल्या हवेबरोबर तेलाचा बारीक फवारा नेमका धारेवर सोडतात आणि तासाला साधारण १० ते १०० मिलिलिटर एवढेच तेल खर्ची पडते. ते तेल पुन्हा टाकीत येत नाही, किसाबरोबर निघून जाते. म्हणजे शिळे होण्यास, चिकटण्यास वा सडण्यास त्याला अवधीच मिळत नाही. कीस जवळजवळ कोरडा निघतो, म्हणून भंगारवाला तो नाक न मुरडता घेतो. जर्मन मोटारउद्योगाच्या हिशेबात १९९०च्या दशकात असे दिसून आले होते की, कूलंटची खरेदी, देखभाल आणि विल्हेवाट यांवर उत्पादनखर्चाच्या ७ ते १७ टक्के जातात, तर खुद्द टूलांवर २ ते ४ टक्के. फवाऱ्याकडे कारखानदार वळले ते या आकड्यांमुळे. पर्यावरण नंतर आले. फवाऱ्याचे बारीक थेंब श्वासावाटे आत जातात, ही त्याची पडती बाजू. म्हणून तेथे यंत्राभोवती आडोसा आणि हवा ओढून घेणारा पंखा हवाच.

मूर्तिजापूरसारख्या गावातल्या यंत्रशाळेला या सगळ्यातून काय घेता येईल? खाद्यतेलाला हात न लावताही बरेच काही. करंजाच्या बियांचे तेल कडवट, खाण्यास निरुपयोगी, परंतु निम्मे ओलीक आम्लाचे, म्हणजे सरकीपेक्षा अधिक शांत. एरंडेल तर बाजारात आहेच. आणि मेळघाटातल्या मोहाच्या बियांचे तेल, जे थंडीत लोण्यासारखे होते, ते आटे पाडण्याच्या कामी टॅपला चोळण्यास चांगले. आटे, रीमर आणि स्टेनलेसचे ड्रिल यांना करंजेल वा एरंडेल द्यावे; भर वेगाच्या लेथकामाला दुधाळ कूलंट राहू द्यावे; पितळेच्या वस्तू काम संपताच पुसाव्यात; तेल पारदर्शक बाटलीत उन्हात न ठेवता झाकणाच्या डब्यात सावलीला ठेवावे आणि दर हंगामाला नवे भरावे. सरकीचे तेल वापरायचेच असेल तर ते आजच काढून आजच संपविण्याइतके, आणि पुसण्यासाठी रुईचे बोळे न घेता जुने सुती कापड घ्यावे. तेही दिवसअखेरीस पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावे, कारण कापड असले तरी ते कापसाचेच आहे.